पट्टायाच्या पुढचा खाऊ

थायलंडहून परतणाऱ्या मराठी कुटुंबाच्या बॅगेत खाऊ कोणता असतो? सुक्या आंब्याच्या फोडी, नारळाची चॉकलेटे, गोड चिंचेचा खोका, चमकत्या कागदातल्या दुरियनच्या गोळ्या. बहुतेक वेळा हे सगळे शेवटच्या दिवशी, मॉलमध्ये किंवा विमानतळावर, उरलेले बाट संपवायचे म्हणून घेतलेले असते. त्यातली गोड चिंच मुळात पार उत्तरेकडच्या पेचाबून प्रांताची. पट्टायाच्या समुद्राशी तिचा काही संबंध नाही. आणि ज्या किनाऱ्यावर मंडळी चार दिवस राहिली, तिथले खाणे मात्र बॅगेत कुठेच नसते. मला हे फार खटकते, कारण कोकणातल्या माणसाला ज्या परदेशी किनाऱ्याचा खाऊ बघताक्षणी ओळखीचा वाटावा, असा हा किनारा आहे.

पट्टाया चोनबुरी प्रांतात आहे. बँकॉकहून निघालेला सुखुमवित रस्ता, म्हणजे थायलंडचा महामार्ग क्रमांक ३, या प्रांतातून पुढे रायोंग, चंथाबुरी आणि त्रात असे प्रांत ओलांडत कंबोडियाच्या सीमेला भिडतो. एका हाताला आखात, दुसऱ्या हाताला आधी सपाट जमीन आणि मग हळूहळू डोंगर. आखात उथळ आहे, मोठ्या नद्या त्यात गाळ आणून ओततात, त्यामुळे लहान मासे आणि जवळा यांची रेलचेल. जमिनीवरची गोष्ट त्याहून लक्षात घेण्यासारखी आहे. हा किनारा नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या वाटेवर येतो. चोनबुरीत पाऊस बेताचाच पडतो, पण पूर्वेकडे सरकावे तसा तो वाढत जातो आणि त्रातमधल्या क्लोंग याइ भागात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर जातो. चंथाबुरीच्या काही भागांत माती तांबडी, बेसॉल्ट खडकापासून झालेली. समुद्र, त्यामागे डोंगर, नैऋत्येचा धो धो पाऊस आणि तांबडी माती एवढे जुळून आल्यावर तिथे मिरीचे वेल आणि कोकमाच्या जातभाईंची झाडे दिसली तर नवल नाही.

पावसाळी किनाऱ्यावर वर्षातला काही काळ सगळेच उदंड मिळते आणि मग संपते. म्हणून या किनाऱ्याचा खाऊ म्हणजे मुळात टिकवण्याच्या युक्त्या आहेत. कोणी मीठ वापरले, कोणी ऊन, कोणी तेल, कोणी साखर. दुकानात उभे राहून 'हे कशाने टिकवले आहे?' एवढा प्रश्न स्वतःला विचारला की काय घ्यावे, किती घ्यावे आणि कसे न्यावे हे बरेचसे आपोआप उलगडते.

सुरुवात न टिकणाऱ्या पदार्थापासूनच करू. पट्टायाहून बँकॉकच्या दिशेने साधारण तासाभरावर, बांगसेनच्या समुद्राजवळ, नोंगमोनचा बाजार आहे. तिथे परदेशी प्रवासी कमी आणि थाई कुटुंबे जास्त. गावाला गेलेल्याने घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी, कचेरीतल्या मंडळींसाठी काही न आणता परतायचे नाही, ही रीत तिथेही आपल्याइतकीच पक्की आहे. शनिवार-रविवारी समुद्रावर आलेले बँकॉककर घरी जाताना इथे गाडी थांबवतात. पिढ्यान्‌पिढ्या हेच गिऱ्हाईक सांभाळत आलेल्या बाजारात माल खराब ठेवून चालत नाही. परक्या देशात खाऊ घेताना स्थानिक कुटुंबांची गर्दी कुठे आहे हे पाहावे, हा माझ्या मते सगळ्यांत भरवशाचा नियम आहे.

नोंगमोनचे नाव झाले ते 'खाओ लाम'मुळे. चिकट तांदूळ भिजवून बांबूच्या पेरात भरतात, नारळाचे दूध, साखर, चिमूटभर मीठ आणि काळ्या घेवड्याचे दाणे घालतात, तोंडाला बोळा लावतात आणि पेरे विस्तवाशेजारी उभी करून भाजतात. बांबूची जातही निवडून घेतात. तिच्या आतला पातळ पापुद्रा शिजलेल्या भाताला चिकटतो आणि पेर सोलले की भाताचा अखंड दंडगोल पापुद्र्यासकट सुटून येतो. विकण्याआधी बाहेरचे करपलेले टणक साल तासून टाकतात, म्हणून ते घरी हातानेही सोलता येते. या तांदळात अमायलोज नावाचा स्टार्च जवळपास नसतोच, म्हणून तो मोकळा न होता एकजीव होतो. आसाममध्ये बांबूत शिजवलेला 'सुंगा चाउल' ज्यांनी खाल्ला असेल त्यांना याची कल्पना येईल. तिथेही चिकट तांदूळच लागतो.

खाओ लाम शाकाहारी माणसालाही चालतो, फक्त वर अंड्याचे कस्टर्ड घातलेला प्रकार टाळावा. पण नारळाच्या दुधामुळे तो त्या हवेत दीड-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. तो मुंबईपर्यंत आणण्याचा हट्ट करू नये, तिथेच गरम असताना खावा. शेजारीच 'खानोम चाक' मिळतो. पीठ, ओले खोबरे आणि ताडाचा गूळ यांचे मिश्रण निपा पामच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेले असते. निपा पाम खाडीच्या मचूळ पाण्यात, खारफुटीच्या सोबतीने वाढतो, म्हणून या खाऊला खाडीकाठचाच म्हणायला हवे. तोही तिथेच संपवावा.

नोंगमोन आणि पट्टाया यांच्या दरम्यान सी राचा आहे. जगभर हिरव्या टोपणाच्या बाटलीतून पोहोचलेला श्रीराचा सॉस अमेरिकेत तयार होतो. व्हिएतनाममधून आलेल्या डेव्हिड ट्रॅन यांनी त्याचा कारखाना १९८० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू केला. नाव मात्र या थाई गावाचे. इथला मूळ सॉस पातळ, अधिक गोड आणि कमी लसणाचा असतो. 'सीराचा पानिच' हा त्यातला जुना छाप, १९८४ मध्ये तो थाई थेपारोस या कंपनीने घेतला. थाई घरांत तो ऑम्लेटवर आणि कालवांच्या पोळ्यावर ओततात. कोळंबीच्या भज्यांबरोबरही तो छान लागेल. छोटी बाटली आणायला हरकत नाही, पण त्यासाठी वाट वाकडी करू नका, तो थायलंडमध्ये कुठेही मिळतो.

मासे खाणाऱ्यांनी खरा वेळ द्यावा तो रायोंगला. 'नाम प्ला', म्हणजे माशाचा सॉस, ही थाई स्वयंपाकातली रोजची खारट चव, आणि रायोंग हे तिच्या जुन्या ठिकाणांपैकी एक. तिला लागणारा 'प्ला कताक' हा बोटाएवढा मासा अँकोव्ही कुळातला, म्हणजे आपल्या मांदेलीच्याच कुळातला. आपण मांदेली ताजी तळतो किंवा वाळवतो. थाई लोक दोन-तीन भाग मासा आणि एक भाग मीठ असे टाक्यांत भरून वर्ष-दीड वर्ष ठेवून देतात. इतक्या मिठात सडवणारे जीवाणू तग धरत नाहीत, पण माशाच्या आतड्यांतली पाचक द्रव्ये काम करत राहतात. ती माशातल्या प्रथिनांचे तुकडे करत करत अमिनो आम्लांपर्यंत पोहोचतात. त्यातले ग्लुटामिक आम्ल म्हणजे जिभेवर रेंगाळणारी ती मांसल चव. पहिल्यांदा गाळलेला रस तांबूस, पारदर्शक आणि सर्वांत दाट चवीचा असतो. उरलेल्या चोथ्यावर पुन्हा मिठाचे पाणी घालून पुढच्या हलक्या प्रती काढतात.

बाटली निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. थाई नियमांत 'शुद्ध' आणि 'मिश्र' असे वेगळे प्रकार आहेत. घटकांच्या यादीत मासा, मीठ आणि फार तर थोडी साखर एवढेच असेल ती बाटली घ्यावी. प्रतीचे मोजमाप नायट्रोजनवर होते, कारण प्रथिनांचा अंश त्यावरून कळतो. पहिल्या प्रतीसाठी लिटरमागे किमान २० ग्रॅम नायट्रोजन ही थाई मानकाची अट आहे. वास उग्र येतो म्हणून माल वाईट ठरत नाही. उलट, नुसते खारट आणि बिनवासाचे पाणी असेल तर समजावे की त्यात मासा फारसा नाही.

आता 'कापि'. माझ्या मते या किनाऱ्यावरून कोकणी घरात आणण्याजोगी याहून मोलाची वस्तू नाही. कापि बनते 'खेय' नावाच्या इवल्या कोळंबीपासून, आणि खेय म्हणजे मुख्यतः अ‍ॅसिटिस या प्रजातीतले जीव. आपला जवळा याच प्रजातीतला आहे. रत्नागिरीच्या आणि पालघरच्या खळ्यांवर जो जवळा उन्हात पसरून वाळवतात, त्याचाच भाऊबंद तिथे मीठ चोळून रात्रभर ठेवतात, पाणी निथळून उन्हात सुकवतात, कुटतात, आणि ती लापशी भांड्यांत दाबून भरून मुरायला ठेवतात. मुरताना तिचा रंग जांभळट-राखाडी होतो. आखाताच्या डोक्याशी सामुत सोंगख्राम प्रांतातले क्लोंग खोन हे गाव कापिसाठी फार नावाजलेले, पण रायोंगपासून त्रातपर्यंत सगळीकडे स्थानिक कापि मिळते.

चांगली कापि ओळखायची खूण अशी, की नीट पाहिले तर तिच्यात काळे बारीक ठिपके दिसतात. ते खेयचे डोळे. ते दिसले की खेय खरी आहे, दुसरा कुठला चुरा नाही, याची खात्री पटते. भडक गुलाबी रंगाची कापि घेऊ नये. ती हाताला घट्ट लागावी, पाणी सुटलेली नसावी, आणि वास तिखट असला तरी कुजका नसावा. घरी आणल्यावर चमचाभर कापि केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर भाजावी, मग लसूण, हिरवी मिरची, लिंबू आणि गूळ यांच्याबरोबर वाटावी. हे झाले 'नाम फ्रिक कापि'. थायलंडमध्ये त्याच्याबरोबर तळलेला 'प्ला थू' खातात, आणि प्ला थू हा बांगड्याच्याच प्रजातीतला मासा आहे. आपल्याकडच्या तळलेल्या बांगड्याबरोबर ही चटणी चालेल का, हे विचारायचे कारणच उरत नाही.

सुकी मासळी घ्यायची तर रायोंगमधले बान फे बरे. सामेत बेटावर जाणाऱ्या बोटी इथूनच सुटतात, आणि धक्क्याजवळच्या दुकानांत सुकी कोळंबी, सुका म्हाकूल, खारवलेले मासे यांचे ढीग असतात. सुकी कोळंबी एकसारखी लालभडक असेल तर रंग घातल्याची शंका घ्यावी. नैसर्गिक रंग फिकट नारिंगी असतो आणि दाण्यादाण्यागणिक थोडा बदलतो. एकाच उन्हात वाळवलेला मऊ माल प्रवासासाठी नको, त्याला फ्रीज लागतो. सोडे आणि सुकट निवडण्यात ज्यांचा हात बसला आहे त्यांना इथे कोणी शिकवायची गरज नाही.

रायोंग ओलांडून पूर्वेकडे निघालो की समुद्राचा खाऊ मागे पडू लागतो आणि बागांचा सुरू होतो. चंथाबुरी बँकॉकपासून सुमारे २५० किलोमीटर आहे. पट्टायाहून तिथे जाऊन परत यायला पूर्ण दिवस मोडतो, पण तो दिवस सत्कारणी लागतो. गाव जुने आहे. नदीकाठची चंथाबून वस्ती, चिनी दुकाने, व्हिएतनामहून आलेल्या ख्रिस्ती लोकांचे मोठे चर्च, माणके आणि नीलम यांचा बाजार. १८९३ नंतर दहा-बारा वर्षे हे गाव फ्रेंच सैन्याच्या ताब्यात होते. ही रत्ने ज्या ज्वालामुखी खडकातून आली, त्याच खडकाच्या मातीत इथली मिरी वाढते.

मिरीचे मूळ घर आपला पश्चिम घाट. ती समुद्रमार्गे पूर्वेला गेली आणि चंथाबुरीत रुजली. आपल्याकडे मिरीचा वेल नारळी-पोफळीवर चढवतात, तिथे बहुतेक खांबांवर. आपण काळी मिरी वापरतो, थाई स्वयंपाकात पांढरीचा वापर अधिक. वेल एकच. हिरवे तयार दाणे सालीसकट वाळवले की काळी मिरी. पिकून लाल होऊ लागलेले दाणे पाण्यात भिजत ठेवून साल काढून वाळवले की पांढरी. साल गेल्याने तिच्यातला सुगंध थोडा उणावतो, पण झणका राहतो आणि मुरण्यामुळे एक वेगळाच मातकट वास येतो. लसूण, कोथिंबिरीची मुळे आणि पांढरी मिरी यांचे वाटण हा कित्येक थाई पदार्थांचा पाया आहे. मिरी अख्खीच घ्यावी, पूड नको. गेल्या काही दशकांत चीनमधून दुरियनला प्रचंड मागणी आली, तशा इथल्या अनेक मिरीच्या बागा दुरियनकडे वळल्या. म्हणून चंथाबुरीची म्हणून सांगितलेली मिरी खरोखर तिथलीच आहे ना, हे दुकानदाराला विचारून घ्यावे.

दुरियनविषयी मराठी माणसाच्या मनात भीती असते, ती पिकलेल्या फळाच्या वासाची. तो वास गंधकयुक्त संयुगांचा, आणि फळ पिकताना ती तयार होतात. कच्च्या, पण भरलेल्या फळात मुख्यतः स्टार्च असतो. म्हणून 'मोनथोंग' जातीच्या कच्च्या दुरियनचे पातळ काप तळले की त्यांना वास जवळजवळ राहत नाही. ते तळलेल्या फणसाच्या गऱ्यांसारखे लागतात आणि त्यामागचे गणितही गऱ्यांचेच आहे. वाऱ्याने पडलेली, आकाराने बेढब, निर्यातीला न चालणारी फळे वाया जाऊ नयेत. घरातल्या ज्येष्ठांना दुरियनची ओळख करून द्यायची तर या कापांनी. पाकीट दाबून पाहू नका, पण तारीख पाहा, कारण तळणीचे तेल जुने झाले की काप खवट होतात.

दुसरा प्रकार 'थुरियन क्वान', पिकलेला गर कढईत मंद आचेवर तासन्‌तास घोटून केलेला आणि नळीच्या आकारात गुंडाळलेला. आंब्याच्या माव्याचीच पद्धत. यात वास आहे, गोडीही भरपूर. घटकयादीत साखर पहिली आणि दुरियन नंतर असेल तर तो सोडून दुसरा घ्यावा. ताजे दुरियन आणि मँगोस्टीन मे-जूनच्या हंगामात गेलात तर तिथेच खा. मँगोस्टीन हे कोकमाच्याच गार्सिनिया प्रजातीतले फळ. त्याच्या बुडाला फुलासारखी खूण असते, तिच्या पाकळ्या मोजल्या तर आत तेवढ्याच फोडी निघतात. याच प्रजातीतल्या 'चामुआंग' झाडाची आंबट पाने चंथाबुरीत डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात. आपण कोकमाचे साल आंबटपणासाठी वापरतो, त्यांनी पान निवडले.

आणि एक साधी वस्तू, जिच्याकडे पर्यटक बघतही नाहीत: 'सेन चान', चंथाबुरीच्या तांदळाच्या सुक्या, चपट्या नूडल्स. पाड थायसाठी थाई लोक यांनाच मान देतात, कारण त्या परतताना तुटत नाहीत आणि लगदाही होत नाही. खाओ लामला जो तांदूळ लागतो त्याच्या अगदी उलट गुणाचा, अमायलोज जास्त असलेला, कडक भाताचा तांदूळ यांना लागतो. घरी त्या उकळू नयेत. साध्या पाण्यात वाकण्याइतक्या भिजवाव्यात आणि बाकीचे कढईवर सोडावे. वजनाला हलक्या, वास नाही, महिनोन्‌महिने टिकतात, आणि शाकाहारी घरात निर्धास्त देता येतात.

शाकाहाराचा विषय निघाला म्हणून सांगतो. या किनाऱ्यावर कापि आणि नाम प्ला न दिसता शिरलेले असतात. बाटलीतली तिखट चटणी, आमटीचे वाटण, पाड थायचा तयार सॉस, भाजलेल्या मिरचीचा गोडसर ठेचा, यांत ते असण्याची शक्यताच जास्त. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरात 'जे' ही खूण असलेली पाकिटे घ्यावीत. चिनी बौद्ध परंपरेच्या या खुणेत मांस-मासे-अंडी-दूध तर नाहीच, कांदा-लसूणही चालत नाही. कंदमुळे मात्र तिला चालतात, हे जैन वाचकांनी ध्यानात ठेवावे. कोळंबीची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनीही हीच खूण शोधावी.

पाकिटावर आणखी दोन गोष्टी वाचता आल्या पाहिजेत. एक, अन्न व औषध विभागाची चौकट आणि तिच्यातला १३ आकडी क्रमांक. दुसरी, तारीख. अनेक पाकिटांवर साल बौद्ध शकाचे असते, ते आपल्या सालापेक्षा ५४३ ने पुढे. २०२६ म्हणजे २५६९. कधी नुसते '६९' छापलेले असते. ते पाहून गोंधळू नये. 'ओटॉप' हे चिन्हही दिसेल. प्रत्येक तांबोनने, म्हणजे काही खेड्यांच्या गटाने, आपली एक खास वस्तू पुढे आणावी म्हणून २००१ मध्ये थाई सरकारने ही योजना आणली, जपानच्या ओइता प्रांतातल्या अशाच चळवळीच्या धर्तीवर. त्यात वस्तूंना पाचपर्यंत तारे देतात. उगम शोधणाऱ्याला हे चिन्ह उपयोगी आहे, पण तोंडात घालून पाहण्याला पर्याय नाही. बहुतेक दुकानदार चाखायला आनंदाने देतात. 'चिम दाइ माइ' असे विचारावे, बाईने शेवटी 'खा' आणि पुरुषाने 'ख्राप' जोडावे.

सॉस, कापि आणि चटण्या विमानाच्या केबिनमध्ये द्रवपदार्थ धरल्या जातात, म्हणून त्या मोठ्या बॅगेतच जाऊ द्याव्यात. नाम प्लाची काचेची बाटली घेऊ नये, प्लास्टिकची घ्यावी, दोन पिशव्यांत घट्ट बांधून कपड्यांच्या मधे ठेवावी. कापिचा डबा दुकानातच चिकटपट्टीने बंद करून घ्यावा. ताजी फळे, बिया, रोपे आणि मांसाचे पदार्थ भारतात आणू नयेत, आणि सुक्या मासळीसाठी निघण्याआधी सीमाशुल्क विभागाचे त्या वेळचे नियम वाचावेत.

बॅगेत जागा थोडीच असेल तर माझा कौल असा: मासे खाणाऱ्या घरासाठी पाव किलो कापि, शाकाहारी घरासाठी सेन चानची दोन पाकिटे, आणि दोन्ही घरांसाठी चंथाबुरीची अख्खी पांढरी मिरी.